आरोग्य कक्षातील वही आणि आपली जबाबदारी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा संस्थेच्या वाटचालीविषयी लिहावे असेच प्रथम मनात आले. परंतु त्या विषयावर या अंकात अधिकारी व्यक्ती लिहितीलच. संस्थापकांचे कष्ट, पत्र्याच्या शेडमध्ये भरलेले पहिले वर्ग, घरोघरी धान्य गोळा करून चालवलेले भोजनगृह, परीक्षांचे निकाल आणि समाजात नाव काढलेले माजी विद्यार्थी हे सारे स्मरणिकेत येणे योग्यच आहे. आम्ही मात्र एका साध्या वहीविषयी लिहिणार आहोत. निवासी शाळेच्या आरोग्य कक्षात परिचारिकेच्या टेबलावर असणारी, मुलांच्या दुखापतींची आणि अपघातांची ती नोंदवही होय.

विषय लहान वाटेल. मूल खेळताना पडले, गुडघा खरचटला, सिस्टरने औषध लावले, मूल पुन्हा मैदानावर गेले. यात लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. नोंद केव्हा करावी याचे उत्तर बहुतेक शाळांत ठरून गेलेले असते: मुलाला बाहेरच्या दवाखान्यात न्यावे लागले तर करावी, एरवी गरज नाही. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. दुखापत घेऊन मूल आरोग्य कक्षात आले की त्याच्यावर उपचार होताच, त्याच वेळी, दुखापत लहान की मोठी याचा निकाल लावण्यापूर्वी नोंद झाली पाहिजे. हे मत आम्हांला पुस्तकातून मिळालेले नाही. ते आमच्याच एका चुकीतून आले आहे आणि ती चूक आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका निवासी शाळेत शिक्षक होतो आणि मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारीही आमच्याकडे होती. सहावीतला एक मुलगा हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवरून घसरून पडला. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते. कानामागे टेंगूळ आले होते आणि थोडे रक्त आले होते. सिस्टरने जखम धुऊन पट्टी बांधली. मुलगा जेवणाच्या पंगतीला बसला, जेवला आणि झोपला. वहीत काही लिहिले गेले नाही, कारण वही 'मोठ्या' प्रकरणांसाठी होती. दुसऱ्या दिवशी तो वर्गात पेंगत होता. आम्ही त्याला त्याबद्दल रागावलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. ग्रामीण रुग्णालयातून त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवावे लागले.

तेथील डॉक्टरांनी साधे प्रश्न विचारले. मुलगा कधी पडला? किती उंचीवरून पडला? पडल्यावर शुद्ध हरपली होती का? पहिली उलटी केव्हा झाली? धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आहे का? आम्ही मंगळवार म्हटले, सिस्टर सोमवार म्हणाल्या. इंजेक्शनविषयी दोघांनाही खात्री नव्हती. नंतर कळले की पहिल्याच रात्री त्या मुलाला उलटी झाली होती आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने ती पुसून काढली होती. मुलाच्या डोक्याला लागले आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्याने पाहिलेले कोणी त्याला विचारले नव्हते. तीन माणसांकडे तीन गोष्टी होत्या. त्या एका पानावर आल्या असत्या तर कोणाच्याही लक्षात धोका आला असता. मुलगा वाचला. एका कानाने ऐकू येणे मात्र कायमचे कमी झाले.

वडील चार दिवसांनी उसाच्या फडावरून आले. तोवर कार्यालयात ठरले होते. वहीच्या एका पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा रिकामी होती, तेथे मागील तारीख घालून नोंद लिहिली गेली. सिस्टरची नेमणूक तात्पुरती होती, त्या नाही म्हणू शकल्या नाहीत. त्या नोंदीखाली वसतिगृहप्रमुख म्हणून आम्ही सही केली. वडिलांना वाचता येत नव्हते. पोरगं पडलं तेव्हा शाळेने काय केले, असे त्यांनी विचारले. आम्ही वही उघडून त्या दोन ओळींवर बोट ठेवले. ते म्हणाले, "लिहून ठेवलंय ना सर, मग बरं झालं." आणि त्यांनी हात जोडले.

इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेताना आम्हांला साधनांची चिकित्सा शिकवली गेली होती. घटनेच्या वेळी लिहिलेले साधन कोणते, मागाहून सोयीने रचलेले कोणते, शाई, अक्षर आणि रिकाम्या जागा काय सांगतात, हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आणि त्या दिवशी आम्ही स्वतःच एक बनावट साधन तयार केले, तेही कागदावर विश्वास ठेवणाऱ्या एका निरक्षर बापासमोर. रोज सकाळच्या वंदनेत आम्ही मुलांकडून पंचशील म्हणवून घेत होतो. त्यांतील चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे आहे. ते शील लेखणीलाही लागू आहे, हे आम्ही त्या दिवशी विसरलो होतो.

आपल्या समाजाला लेखी नोंदीचे मोल इतरांनी समजावून सांगण्याची गरज नाही. शतकानुशतके आपल्या पूर्वजांच्या जखमा घडल्या, परंतु लिहिल्या गेल्या नाहीत. आणि जे लिहिले गेले नाही ते घडलेच नाही असे म्हणणे सोपे गेले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे अचूक ओळखले होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनपर लेखनात आरोग्याशी आणि अपघाताशी संबंध असलेल्या दोन हकिगती आहेत. प्रत्येक निवासी शाळेच्या परिचारिकेने आणि शिक्षकाने त्या वाचाव्यात.

पहिली हकिगत खुद्द बाबासाहेबांच्या अपघाताची आहे. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. त्या कामानिमित्त खानदेशात गेले असता ते चाळीसगावला उतरले. स्थानकापासून महारवाड्यापर्यंत टांग्याने जायचे होते. वाटेत नदीवरच्या फरशीवर टांग्याचे चाक दगडांत अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. एखाद्या कारकुनाने याची नोंद केली असती तर ती एका ओळीत संपली असती: टांगा उलटून प्रवासी जखमी. बाबासाहेबांनी चौकशी केली तेव्हा खरे कारण कळले. एकही टांगेवाला महारांना घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, हाकण्याचे मात्र नाकारले. म्हणून कधीही टांगा न हाकलेल्या एका माणसाच्या हाती लगाम देण्यात आले होते. पाय मोडला तो दगडावर. परंतु त्याचे कारण जातीत होते. 'पडला' हा शब्द किती अपुरा असतो, हे या एका प्रसंगावरून ध्यानात यावे.

दुसरी हकिगत काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची. त्यांच्या बाळंतीण पत्नीला आजार झाला. डॉक्टरांनी वस्तीत यायला नकार दिला. मिनतवारी केल्यावर, रोग्याला वस्तीबाहेर आणले तर पाहीन, असे ते म्हणाले. तेथेही त्यांनी तिला स्पर्श केला नाही. ताप मोजण्याची नळी त्यांनी एका मुस्लीम गृहस्थाच्या हाती दिली, त्याने ती शिक्षकाच्या हाती दिली, शिक्षकाने पत्नीला लावली आणि ती त्याच मार्गाने परत गेली. पत्नी वाचली नाही. ही गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या शिक्षकाने ती पत्राने कळवली. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त ते पत्र छापले गेले आणि बाबासाहेबांनी ते आपल्या लेखनात जपून ठेवले. त्या शिक्षकाने नळी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली एवढेच सांगितले. डॉक्टर दुष्ट होते असे मोठ्याने म्हणण्याची त्याला गरज पडली नाही. चांगली नोंद अशी असते.

धम्माच्या परंपरेतही हा धडा आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. तेथे विनयाचे संकलन करताना महाकाश्यपांनी उपालींना एकेका नियमाविषयी प्रश्न केले: हा नियम कोठे घालून दिला गेला, कोणाच्या संदर्भात, कोणत्या बाबतीत? उपाली जन्माने नापित होते, आणि संघाच्या विनयाची साक्ष द्यायला तेच सर्वांत योग्य मानले गेले. स्थळ, व्यक्ती आणि घटना ही तीन अंगे आजच्या कोणत्याही अपघात नोंदवहीच्या रकान्यांत दिसतील. विनयाच्या महावग्गात आजारी भिक्षूची शुश्रूषा कोण नीट करू शकतो आणि कोणत्या रोग्याची शुश्रूषा सुलभ होते, यांचेही विवेचन आहे. आपली व्यथा वाढते आहे की कमी होते आहे हे जो जसे आहे तसे सांगतो, त्याची शुश्रूषा सुलभ होते, असे तेथे म्हटले आहे. सहावीतल्या मुलाला असे सांगता येत नाही. तो घाबरतो, घरी पाठवतील म्हणून लपवतो, मोठ्या मुलांच्या धाकाने गप्प बसतो. म्हणून त्याच्या वतीने 'जसे आहे तसे' सांगण्याचे काम परिचारिकेकडे आणि तिच्या वहीकडे येते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नोंद नेमकी केव्हा व्हावी?

उपचार पहिले, यात वाद नाही. वाहते रक्त थांबवायचे सोडून कोणी रकाने भरू नयेत. परंतु पट्टी बांधून झाली की पुढचे मूल बोलावण्यापूर्वी लेखणी हाती घ्यावी. संध्याकाळी सवडीने लिहू म्हटले की वेळ अंदाजे येते, बाजू चुकते, उजव्याचे डावे होते. लहान दुखापतीला एक ओळ पुरे: वेळ, नाव, काय लागले, कोठे, काय केले. पूर्ण पान मात्र काही प्रसंगी लिहिलेच पाहिजे. डोके, डोळा, दात किंवा पाठीचा कणा यांना लागले असेल, मूल उंचावरून पडले असेल, भाजले असेल, विजेचा धक्का बसला असेल, कुत्रा, साप किंवा विंचू चावला असेल, क्षणभर का होईना शुद्ध हरपली असेल, टाके पडले असतील किंवा बाहेर पाठवावे लागले असेल, दुसऱ्या कोणाच्या हातून दुखापत झाली असेल, मग तो हात विद्यार्थ्याचा असो वा शिक्षकाचा, मूल सांगते ते आणि जखम दिसते ती यांचा मेळ बसत नसेल, आणि तेच मूल पुन्हा पुन्हा येत असेल. हे शेवटचे दोन प्रसंग सर्वांत महत्त्वाचे आहेत. लहान नोंदी जेथे होतच नाहीत तेथे ते कधीच उघडकीस येत नाहीत. महिन्यात तीन वेळा दंडावर वळ घेऊन आलेले मूल वहीवाचून कोणाच्या लक्षात राहणार?

काही दुखापतींत वेळ हीच निम्मी माहिती असते. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि दवाखाना गाठायचा, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु लसीचे पुढचे सर्व दिवस पहिल्या मात्रेपासून मोजले जातात. मूल सुटीत गावी गेले आणि तारीख कोणाजवळ नसली तर पुढच्या मात्रा चुकतात. सर्पदंशात दंशाची वेळ डॉक्टर सर्वांत आधी विचारतात. डोक्याला लागलेल्या मुलाची एक नोंद पुरत नाही. तासाभराने, झोपण्यापूर्वी, रात्री आणि सकाळी ते कसे आहे हे लिहावे लागते. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, बोलण्यातला गोंधळ, यांपैकी काही दिसले की थांबायचे नाही. रात्री सिस्टर नसतील तर जो कोणी मुलाजवळ असेल त्याने लिहावे, मग तो पहारेकरी असो वा स्वयंपाकी. लिहिता येत नसेल तर सांगावे आणि दुसऱ्याने त्याच्या नावाने लिहावे.

नोंद उशिरा झाली तर काय? तर ती उशिरा झाली असे लिहूनच करावी. 'घटना सोमवारची, नोंद बुधवारी सकाळी दहा वाजता' असे लिहिण्यात कमीपणा नाही. चूक दुरुस्त करताना एक रेघ मारावी, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही व तारीख घालावी. पाने क्रमांकित असावीत. दोन नोंदींमध्ये रिकामी जागा सोडू नये. आमच्या हातून जे घडले ते त्या रिकाम्या दोन ओळींमुळेच शक्य झाले होते.

काय लिहावे याबद्दलही थोडे. परिचारिकेने डोळ्यांनी पाहिलेले लिहावे आणि कानांनी ऐकलेले, कोणी सांगितले त्याच्या नावासह, वेगळे लिहावे. मुलाचे म्हणणे त्याच्याच बोलीत उतरवावे. 'खेळताना पडला' हे वाक्य इतक्या वह्यांत इतक्या वेळा आलेले आहे की त्यातून काहीच कळत नाही. कोठे पडला, तेथे उजेड होता का, जमीन ओली होती का, जवळ कोण होते, हे लिहावे. 'मुलगा मुळातच खोडकर', 'मुलीचा निष्काळजीपणा' असे शेरे मारू नयेत. चाळीसगावच्या प्रसंगात बाबासाहेबांनाही खरे कारण तात्काळ कळले नव्हते. म्हणून पहिल्या नोंदीत निष्कर्षाची घाई करू नये आणि पुढे जे कळेल ते त्या दिवसाच्या तारखेने खाली जोडावे.

अशा नोंदींतून काय साधते याचे एक उदाहरण महाडजवळचे आहे. ज्या महाडला बाबासाहेबांनी १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, त्याच तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात काम करीत होते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत, त्यांत मुलेही पुष्कळ असत. डॉ. बावस्कर रोग्यांच्या उशाशी बसून राहिले आणि नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांत काय बदल होतो हे टिपत गेले. त्या टिपणांतून विंचवाचे विष हृदयावर आणि फुप्फुसांवर कसा आघात करते हे त्यांना उमगले आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. त्यांचे लेखन 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले आणि असंख्य जीव वाचले. त्या कार्याचे मूळ एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात, वेळच्या वेळी केलेल्या टिपणांत आहे.

आमच्या अनुभवाचे उदाहरण याहून फार लहान आहे. आपल्या शाळेत प्रत्येक खरचटण्याची नोंद ठेवायला सुरुवात झाली तेव्हा आम्हीच काहीसे साशंक होतो. पहिल्या पावसाळ्यानंतर वही पुढे घेऊन बसलो तेव्हा दिसले की पडण्याच्या बहुतेक नोंदी कपडे धुण्याच्या दगडांजवळच्या आहेत आणि त्या सकाळी शाळेची घंटा होण्यापूर्वीच्या आहेत. तेथे शेवाळ धरत होते आणि मुले घाईत असत. शेवाळ खरवडले, खडबडीत फरशी घातली, धुण्याची वेळ संध्याकाळची केली. पुढच्या पावसाळ्यात त्या जागेच्या नोंदी जवळजवळ थांबल्या. एकही नोंद एकेकटी पाहिली असती तर 'किरकोळ' म्हणूनच सोडून दिली असती.

या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे आणि ती आपल्या संस्थाचालकांनी नीट समजून घ्यावी. मुलांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे यांना मनाई केली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यात, ज्याला सर्वजण पॉक्सो म्हणतात, कलम १९ नुसार असा अपराध घडल्याची माहिती किंवा घडण्याची धास्ती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाही अपराध आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचे कृत्य दडवल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे अशा प्रसंगी 'आधी संस्थेत विचार करू' असे म्हणण्याची मुभा कोणालाच नाही. परिचारिकेने मुख्याध्यापकांना सांगितले म्हणून तिचे कर्तव्य संपत नाही. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे, तो आरोग्य कक्षाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत असावा.

या भूमिकेवर जे आक्षेप घेतले जातात ते आम्ही ऐकलेले आहेत आणि त्यांतील काही हलके नाहीत. पहिला आक्षेप कामाच्या ओझ्याचा. मुले शेकड्यांनी आणि परिचारिका एकटी, तिने औषधे द्यावीत की लेखन करावे? हा आक्षेप खरा आहे. अनेक शाळांत तर परिचारिकाच नाही, अधीक्षिकाच सारे पाहते. परंतु एका ओळीच्या नोंदीला एक मिनिट लागते. ते मिनिट मिळत नसेल तर दुसरी व्यक्ती नेमली पाहिजे, वही बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप मुलांच्या खासगीपणाचा आहे, आणि तो आम्हांला मान्य आहे. मोठ्या मुलींच्या तक्रारी, अत्याचाराचा संशय, मानसिक ताण यांची नोंद सर्वांच्या हाती पडणाऱ्या वहीत असू नये. ती वेगळी ठेवावी, कुलुपात ठेवावी आणि कोणी पाहिली याचीही नोंद असावी. मासिक आढाव्यात जागा, वेळा आणि कारणे वाचावीत, नावे वाचू नयेत.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो आपल्या माणसांकडूनच येतो. आपल्या संस्था अनंत अडचणींतून उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्याकडे संशयाने पाहणारे पुष्कळ आहेत. अनुदान रोखायला, चौकशी लावायला, 'यांना संस्था चालवता येत नाहीत' असे म्हणायला टपून बसलेले लोक आहेत. अशा स्थितीत आपल्याच हातांनी आपल्या उणिवांची यादी का करून ठेवावी? आमच्या त्या जुन्या शाळेच्या कार्यालयातही हेच म्हटले गेले होते आणि त्या वेळी आम्हांला ते पटले होते.

आज पटत नाही. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले तेव्हापासून आपल्या चळवळीत वसतिगृहाला जे स्थान आहे, ते मुलांसाठी आहे. इमारत आणि नाव त्यांच्यानंतर येतात. आईबाप उसाच्या फडावर, वीटभट्टीवर, शहरातल्या बांधकामावर असतात आणि आपले लेकरू आपल्या हवाली करतात, ते आपण आपले आहोत म्हणून. त्यांच्यापासून दडवून ज्या नावाची आपण राखण करतो ते नाव त्यांच्या काय कामाचे? आणि व्यवहारानेही पाहावे. चौकशी आलीच, तर जिच्याकडे वेळच्या वेळी लिहिलेली, खाडाखोड न केलेली वही आहे ती संस्था ताठ उभी राहते. कोरी वही घेऊन येणाऱ्या संस्थेवर कोणीही काहीही आरोप करू शकतो. शाळेत पाचशे मुले आहेत आणि वर्षभरात एकही दुखापत नोंदलेली नाही, यावर कोणता तपासणी अधिकारी विश्वास ठेवील?

म्हणून आमचे काही आग्रहाचे सांगणे आहे. व्यवस्थापनाने परिचारिकेची लेखणी स्वतंत्र ठेवावी. काय लिहावे आणि काय लिहू नये हे तिला मुख्याध्यापकाने, वसतिगृहप्रमुखाने किंवा कोणा पदाधिकाऱ्याने सांगू नये. तिची नेमणूक तात्पुरती असेल तर खरी नोंद केली म्हणून ती जाणार नाही, असा ठराव संस्थेने करावा. प्लेगने आजारी असलेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणणाऱ्या आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी देह ठेवणाऱ्या सावित्रीबाईंचे नाव आपण घेतो. मग आपल्या शाळेत शुश्रूषा करणारी बाई कोणाच्या दडपणाखाली असता कामा नये. पूर्ण पानाची नोंद झाली की पालकांना त्याच दिवशी फोन जावा आणि नोंदीची प्रत त्यांना मिळावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवावी.

पालकांना विनंती अशी की भेटीला याल तेव्हा खाऊची पिशवी देऊन लगेच परतू नका. आरोग्य कक्षात जा, आपल्या मुलाच्या नोंदी दाखवा म्हणा. तो तुमचा अधिकार आहे, त्यात कोणाचा अपमान नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज डॉक्टर, परिचारिका, वकील आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस येऊन या वह्या वाचाव्यात, चुका दाखवाव्यात, रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना प्रथमोपचार आणि नोंद शिकवावी. कमानीसाठी देणगी देण्याइतकेच हे दान मोलाचे ठरेल.

तो मुलगा आज कर्ता झाला आहे. काही वर्षांपूर्वी एका धम्म परिषदेत तो भेटला, पाया पडायला वाकला. बोलताना त्याने आपला चांगला कान आमच्याकडे केला. त्या नोंदीविषयीचे सत्य आम्ही त्याला त्या दिवशी मंडपाबाहेर उभे राहून सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, हे बाबांना सांगायला पाहिजे होतं." त्याचे वडील तोवर हयात नव्हते.

त्यांना सांगायचे राहून गेले, म्हणून येथे लिहिले आहे. आपल्या शाळेतील कोणत्याही शिक्षकावर आणि कोणत्याही सिस्टरवर अशी वेळ येऊ नये. जखम बांधून झाली की वही उघडावी आणि जे घडले ते लिहावे.

नमो बुद्धाय! जय भीम!